दोन चौकीदार

थोरली आणि धाकटी या दोन जावांमध्ये विस्तव जात नव्हता. एका छताखाली, एका धंद्यात, एकाच सासूच्या हाताखाली राहून दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. धंदा अळंबीचा. तळमजल्यावर अंधारी, दमट खोली. तिथे रॅकवर पिशव्या रचून अळंबी पिकवायची. ती खोली थोरलीची. तिच्यावर कोल्ड स्टोरेज आणि पॅकिंग, ते धाकटीचं. त्याच्यावर घर, आणि घरात सासूबाई. म्हणजे दोघींच्या डोक्यावर बसलेल्या, आणि ते कुणी नुसतं बोलायचं म्हणून म्हणत नव्हतं.

खालच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, तो पंखे, फवारे आणि ऊब सांभाळायचा. वरच्या खोलीतला दुसरा थंडी सांभाळायचा. जिन्याच्या भिंतीतून सासऱ्यांनी या दोघांच्या मध्ये एक सिरीयल वायर ओढून ठेवली होती. तिच्यावरून एका कॉम्प्युटरपुढे बसून दुसऱ्यात शिरता यायचं, तिथले आकडे बघता यायचे, पंखा चालू-बंदही करता यायचा. सासरे वर बसून खालचं बघायचे. ते गेले, आणि मागच्या महिन्यात विजेचा असा झटका आला की दोन्ही कॉम्प्युटर जळाले. मशीनवाल्याने नवे आणून बसवले, पण तेव्हापासून ती वायर काही चालेना. आणि खरं सांगायचं तर कुणाचं काही अडलंही नाही. खालचं खाली, वरचं वर, दोघींना हेच तर हवं होतं.

अडलं ते सासूबाईंच्या गुडघ्यापायी.

"उद्या मी दवाखान्यात चाललेय," सकाळी चहाच्या टेबलावर त्या म्हणाल्या. "गुडघा कापणार, मग कितीतरी दिवस मला हलता येणार नाही. घरी माझ्या पथ्यपाण्याला, डबा न्यायला-आणायला एक बाई लागणार. बाहेरची मला चालत नाही. तेव्हा तुमच्यातली एक घरात आणि एक कामावर. जी कामावर राहील तिने एकाच खुर्चीत बसून वरचंही बघायचं आणि खालचंही. ती वायर चालू करा. संध्याकाळपर्यंत जिच्या खुर्चीतून दोन्ही दिसेल, धंदा तिच्याकडे. दुसरीने पदर खोचायचा आणि ओट्याला लागायचं."

"आणि तुम्ही बऱ्या झाल्यावर?" थोरलीने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा," सासूबाई म्हणाल्या. याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना पाठ होता. तेव्हाचं तेव्हा म्हणजे कधीच नाही.

नवरे दोघेही टेबलावर होते. दोघांनाही त्याच क्षणी लांबची डिलिव्हरी आठवली. कप तसेच टाकून दोघे गाडी घेऊन जे पसार झाले, ते दिवसभर फिरकले नाहीत. घरात काही पेटणार असं दिसलं की या भावांची एकी बघावी!

ओटा म्हणजे काय, हे थोरलीला पक्कं माहीत होतं. लग्न होऊन आली तेव्हा पहिली कितीतरी वर्षं तिने त्या स्वयंपाकघरात काढली होती. खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत, ओट्यावर सासूबाईंची करडी नजर, आणि दिवसभरात बोलायला कोण, तर कुकर. एक दिवस काहीतरी द्यायला ती खालच्या खोलीत गेली आणि दारातच थबकून म्हणाली, "इथलं काहीतरी आंबलंय." सासरे हसले. दुसऱ्या दिवशी एक अख्खा रॅक टाकावा लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला खाली बोलावलं, खुर्ची दिली, आणि ती तिथलीच झाली. त्या अंधारात, मातीच्या ओल्या वासात, पांढऱ्या टोप्या वर येताना बघत बसायचं, हे तिला जितकं आवडायचं तितकं आयुष्यात दुसरं काही आवडलं नव्हतं. ती खुर्ची गेली तर आपण मेलोच, असं तिला साफ वाटलं. आणि कुणासाठी जाणार, तर त्या धाकटीसाठी, त्या टोमण्यांच्या मशीनसाठी!

चहा तसाच ठेवून ती खाली गेली.

आधी तिने प्लग काढून बघितला. आतल्या बारीक तारा एकेक करून चिमटीत धरून ओढल्या, एकही सुटली नव्हती. मग वेग. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेगाने बोलले नाहीत तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी उमटते, हे तिला माहीत होतं. पण धाकटीने किती वेग ठेवलाय हे विचारणार कोण?

सासूबाई जिन्याच्या मधल्या चौकात खुर्ची टाकून बसल्या होत्या, दोन्हीकडे कान लावून.

"आई," थोरलीने खालून हाक दिली, "तिला विचारा, वेग किती ठेवलाय."

"आई, त्यांना सांगा," वरून उत्तर आलं, "मशीनवाल्याने ठेवलाय तोच आहे. मी दुसऱ्याच्या वस्तूत बोटं घालत नाही."

"मी काय टपालपेटी आहे?" सासूबाई कडाडल्या. "तोंडं आहेत ना तुम्हाला? एरवी तर माझ्या मागे बरी चालतात!"

वेग सारखाच निघाला. मग उरली वायर. आणि वायर तपासायची तर दोन्ही टोकांना माणूस लागतो. एकीने खालच्या टोकाला बॅटरी लावायची, दुसरीने वरच्या टोकाला छोटा दिवा धरायचा, आणि एकेक तार बघत जायची. थोरलीने दात-ओठ खात बॅटरी लावली.

"लागला?"

"लागला."

"नीट बघून सांग."

"दिवा लागलेला मला कळतो, ताई. तेवढी अक्कल माहेरून घेऊन आलेय."

"ती इकडे येताना वाटेत कुठे सांडली मग? पुढची तार. लागला?"

"लागला. पण तुम्ही भलतीच तार धरली असणार. ही उलटी लागतेय."

"उलटीच लागायला हवी, बाई! एकीचं बोलणं दुसरीच्या ऐकण्याला जोडायचं असतं. सरळ जोडली तर दोघी बोलतात आणि ऐकत कुणीच नाही."

"मग या घरात सरळच बरी होती," धाकटी म्हणाली.

सासूबाईंना मध्येच हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

वायरीत काही खोट निघाली नाही. थोरलीने ती पुन्हा कॉम्प्युटरला जोडली, खुर्चीत बसून महिन्यात पहिल्यांदाच वायरीची नोंद उघडली, आणि पडदा बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनवाल्याने सासूबाईंना वाचता यावं म्हणून सगळं मराठीत करून दिलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ओळीमागून ओळ येत होती: वायरीवरून कोणीतरी आत येण्याचा प्रयत्न करत आहे. नाव चुकीचे. प्रवेश नाकारला. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"बघा! आई, बघा या बयेचे धंदे!" ती जिन्यात येऊन ओरडली. "वरून माझ्या कॉम्प्युटरमध्ये घुसायला बघतेय! वाटेल ती नावं टाकतेय! चोरटी!"

वरून धाकटी दणादण खाली आली. तोंड लालबुंद. "चोरटी कुणाला म्हणता? माझ्या पडद्यावर या आणि बघा! सकाळपासून तुमचंच चाललंय, नाव चुकीचं, नाव चुकीचं! मी म्हटलं मोठ्या आहेत, गप्प बसावं. तर उलट्या बोंबा!"

"मी? मी तुझ्या फ्रिजमध्ये घुसून काय करू?"

"कोल्ड स्टोरेज म्हणतात त्याला!"

"दोघीही चोर," सासूबाई म्हणाल्या. "मला तुमच्यात निवाडा करायचा नाही. मला एका पडद्यावर दोन्ही खोल्या हव्यात."

धाकटी थोरलीच्या खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मग जे सुटली ते सुटलीच. गेल्या साली पॅकिंगमध्ये निघालेली माती, बारशाला न दिलेली साडी, सासऱ्यांच्या आजारपणात कोण किती जागलं, एकही मुद्दा तिने सोडला नाही. थोरलीही काही कमी नव्हती. शब्दाला शब्द देता देता तिची नजर सहज पडद्याकडे गेली.

ओळी येतच होत्या. नाव चुकीचे. प्रवेश नाकारला.

थोरलीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ही तर इथे उभी आहे, दोन्ही हात कमरेवर. सासूबाई जिन्यात. नवरे गाडीवर. मग वर बसून टाइप कोण करतंय?

"काय झालं? संपला का साठा?" धाकटीने विचारलं.

"जा वर. तुझं तोंड बघून माझी पिशवी न् पिशवी आंबेल."

धाकटी नाक मुरडून वळली. पण वळण्याआधी तिनेही पडद्यावर एक नजर टाकली, हे थोरलीच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

ती खुर्चीत बसली आणि त्या लाल ओळींपैकी एक उघडून वाचली. कोणतं नाव टाकून बघतंय हे भूत? नावाच्या जागी लिहिलं होतं: कृपया आपले नाव सांगा.

थोरलीने ते दोनदा वाचलं. मग दुसरी ओळ उघडली. तिथे नावाच्या जागी: नाव चुकीचे, पुन्हा सांगा.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि ती एकटीच कपाळावर हात मारून हसत सुटली. मशीनवाल्याने जाताना दोघींना एकेक बटण दाखवलं होतं. त्याला तो चौकीदार म्हणायचा. "हा चालू केला की वायरीवर बसून राहतो. पलीकडून कुणीही आलं की नाव विचारतो, नाव आणि खूणशब्द बरोबर असल्याशिवाय आत सोडत नाही." खूणशब्द सासूबाईंनी ठरवलेला, दोन्हीकडे एकच. मशीनवाल्याची गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच थोरलीने आपला चौकीदार चालू केला होता. आपल्या खोलीत त्या वरचीने पाऊल टाकायचं नाही! आणि वरचीनेही नक्की तेच केलं असणार, तितक्याच तातडीने.

आता दोन चौकीदार वायरीच्या दोन टोकांना बसलेत. हा विचारतो, नाव सांगा. त्याला वाटतं हेच पलीकडच्याचं नाव. तो म्हणतो, नाव चुकीचं. याला वाटतं तेच त्याचं नाव. महिनाभर, रात्रंदिवस, दोघेही एकमेकांना हाकलतायत. आत कुणीच येत नाही, कारण यायला कुणी निघालेलंच नाही. दोघेही दार अडवून बसलेत.

तिचं हसणं थांबलं, कारण पुढचं कळलं. चौकीदार चालू ठेवून आपण शहाणपणा केला असं तिला वाटत होतं, पण चौकीदार बसवला म्हणूनच वायरीला दार होतं. त्याला उठवून बंद केलं की वायर म्हणजे नुसती भिंत, तिकडून कुणालाही येता येणार नाही. आणि मग या खुर्चीतून आपण वर जायचं. वरचा चौकीदार नाव विचारेल, आपण बरोबर नाव देऊ, खूणशब्द देऊ, आणि थेट धाकटीच्या खोलीत! दोन्ही खोल्या या पडद्यावर. धाकटी ओट्याला. थोरलीने नुसतं आपलं एक बटण बंद करायचं होतं.

सासूबाईंनी खूणशब्द ठेवला होता तो सासऱ्यांचं लाडाचं नाव. ते मनात घोळवत तिने हात पुढे केला. त्या वरचीच्या तोंडाचा रंग कसा उडेल, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि त्यात तिला इतका आनंद होत होता की लाज वाटायलाही फुरसत नव्हती. तिने चौकीदार बंद केला.

लाल ओळी थांबल्या. खोलीत पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. तिने वायरीचा प्रोग्रॅम उघडला. काळा पडदा, डावीकडे लुकलुकणारी खूण. आता वरून प्रश्न यायला हवा होता. तिने एन्टर दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. पुन्हा, जरा जोरात. मग दहा बोटांनी बडवल्यासारखा. काही म्हणजे काही नाही. वायर निघाली की काय, म्हणून तिने प्लग चाचपला. घट्ट होता. आणि तेवढ्यात तिला वरून आवाज ऐकू आला. टक. टक टक. टकटकटक. वर कुणीतरी जिवाच्या आकांताने एन्टर बडवत होतं.

थोरलीच्या लक्षात आलं. दारात उभं राहून त्या बयेने पडदा वाचला होता! तिच्या पडद्यावर आणि माझ्या पडद्यावर एकच वाक्य, हे तिनेही ओळखलं. तिनेही आपला चौकीदार उठवला. माझ्या खोलीत घुसायला, माझी खुर्ची घ्यायला! आता दोघीही दार वाजवतोय आणि दोन्ही घरांत उघडायला कुणी नाही.

ती जिन्यात आली. वरच्या कठड्याशी धाकटी येऊन उभी होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तुला कळलंय, मला कळलंय, आणि तुला कळलंय हेही मला कळलंय. आता जी आपला चौकीदार पुन्हा बसवेल, तिच्याच खोलीत दुसरी शिरणार. थोरली मनात म्हणत होती, लाव, लाव ना गं, मुली. वरचीचे डोळेही तेच म्हणत होते.

"काय झालं?" मध्ये बसलेल्या सासूबाईंनी विचारलं. "गप्प का झालात? मला भीती वाटते तुम्ही गप्प झालात की."

"माझ्या पडद्यावर काही येत नाही," थोरली म्हणाली.

"माझ्याही," धाकटी म्हणाली.

"सकाळी निदान काहीतरी उमटत तरी होतं! आता तेही घालवलंत?"

दोघी उभ्याच राहिल्या. दुपार उलटली. थोरली मध्येच खाली जायची, एन्टर दाबायची, परत यायची. धाकटी वर तेच करायची. शेवटी सासूबाईंनी फोन उचलला आणि मशीनवाल्याला बोलावलं.

तो आला, बाही वर करत, शीळ घालत. खाली डोकावला, वर डोकावला आणि जिन्यात येऊन सासूबाईंसमोर उभा राहिला. "वायर झकास आहे, काकू. बिघाड काहीच नाही. दोन्ही चौकीदार बंद ठेवलेत, एवढंच. एक चालू, एक बंद असायला पाहिजे." मग तो दोघींकडे वळला. "बोला वहिनी, कोण लावतंय? एका बटणाचं काम आहे."

थोरलीने वर धाकटीकडे बघितलं, धाकटीने खाली थोरलीकडे.

"म्हणजे काय आहे," तो आता सासूबाईंना समजावू लागला, "जिचा चालू, तिच्या खोलीत दुसरीला बघता येणार. ठरवा तुम्ही आपसात."

थोरलीच्या ओठांवर शब्द आला होता. 'मी लावते' एवढं म्हटलं तर निदान हा घोळ तरी मिटेल, पिकाकडे कुणीतरी बघेल. पण ते 'कुणीतरी' म्हणजे ती! आंबलेला वास नाकाजवळ आला तरी जिला कळत नाही, ती! थोरलीने दात आवळले. वर धाकटी कठडा इतका घट्ट धरून होती की तिची बोटं पांढरी पडली होती.

सासूबाईंनी आधी खाली बघितलं, मग वर. त्यांना आता सगळं कळलं, सकाळपासूनचं. "म्हणजे दोघींनाही ठाऊक होतं," त्या हळू म्हणाल्या. "दोघींना ठाऊक होतं, आणि तरी मला दिवसभर या मोडक्या गुडघ्यावर जिन्यात बसवलंत."

"आई, मी..." धाकटीने सुरुवात केली.

"गप." मग मशीनवाल्याला म्हणाल्या, "बाळा, तुला रोजचं काम हवंय का? खुर्चीत बसायचं, आकडे बघायचे. उद्यापासून ये. या दोघी घरात."

"दोघी?" थोरलीच्या तोंडून निघालं.

"दोघी. एकाच ओट्याला."

त्याने खालचा चौकीदार बसवला, वर जाऊन धाकटीच्या खुर्चीत बसला आणि नाव टाकलं. "दिसतंय, काकू! खालचंही दिसतंय!" तो वरून ओरडला. एका बटणाचं काम. थोरली आपल्या खोलीत गेली, रॅकजवळ उभी राहिली आणि हुंदका कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पंखा मोठा करायला गेली. तिच्या हाताआधी पंखा आपोआप मोठा झाला. तो वरून चालवत होता.

दुसऱ्या दिवशी दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. खिडकीत तीच भिंत. दवाखान्यात पाठवायला अळंबीचं सूप केलं. थोरलीने मीठ घातलं. ती पातेली पुसायला वळली तेव्हा धाकटीनेही घातलं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि डबा परत पाठवला.

तिसऱ्या दिवशी सूप उकळलं. थोरलीने चमचाभर चाखलं. मीठ नव्हतं. तिने चमचा धुतला आणि ठेवून दिला. धाकटीने चाखलं, तिनेही चमचा धुतला. मिठाची बरणी दोघींच्या मध्ये, हाताच्या अंतरावर होती. दोघींनी तिच्याकडे बघितलं. मग थोरलीने डबा भरला, धाकटीने झाकण लावलं.

दुपारी दवाखान्यातून फोन आला. धाकटीने तो दोघींना ऐकू जाईल असा ओट्यावर ठेवला.

"मीठ कुणी घालायचं होतं?" सासूबाईंनी विचारलं. आवाज थकलेला होता, रागही उरला नव्हता त्यात.

"हिने," दोघी एकदमच म्हणाल्या.